काजळीच्या पुढं कोण जाणार

माझ्या नवऱ्याच्या तेराव्याच्या जेवणाला दौलत्या आला तो घोड्यावर बसून. सगळा गाव पायी आला, टिटवाळ्याचे पाहुणे बैलगाडीतून आले, आणि हा मेला सुलतानवर. खाली उतरून त्यानं घोडा नेमका आमच्या गोठ्यासमोरच्या आंब्याला बांधला, आमच्या घोडीला, मेमसाबला दिसेल असा. मग पानावर बसला, बुंदी दोनदा मागून घेतली आणि हात धुवायला परसात आला. मी तिथं भिंतीला टेकून बसलेले. मला बोलला, "आता ही घोडी विकून टाक, वहिनी. पंढरी होता तोवर ठीक होतं. रेसला दुसरं यायला पण कोणीतरी लागतंच ना!" आणि हसला.

माझ्या हाताशी पाण्याचा तांब्या होता. तो त्याच्या टाळक्यात घालावा असं इतकं वाटलं म्हणून सांगू! पण सासू दारात बसलेली, घर माणसांनी भरलेलं. मी एवढंच बोलले, "बुंदी गोड लागली ना दौलत? मग तोंड गोड आहे तोवर निघ."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. दौलत्याचा सुलतान माझ्या घोडीच्या मागं यायला हवा. सगळ्या गावादेखत, माझ्याच कुरणावर, आणि खरोखर पळून. बाकी मला देवानं काही दिलं नसतं तरी चाललं असतं.

आता आमच्यासारख्यांकडं रेसचे अस्सल घोडे आले कुठून, हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई थापा मारते. मोहने आणि टिटवाळा यांच्या मधे, काळू नदीच्या अंगाला आमचं कुरण. तिथलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. तिकडं एखाद्या घोड्याचा पाय कामातून गेला की मालक त्याला गोळी घालायचा नाहीतर गवतवाल्याच्या गळ्यात बांधायचा. आमची माणसं गवत घालून यायची ती लंगडा घोडा घेऊन. मेमसाब पण तशीच आली. गाव हसला. मी मात्र तिला माझ्या माहेरी कोपरीला नेली आणि बापाच्या मिठागरात रोज खाऱ्या पाण्यात उभी केली. माझा बाप ओरडला, "अगो, मीठ पिकवतोय का घोडं लोणच्याला घालतोय?" पण हंगाम संपायच्या आत घोडी सरळ चालायला लागली. मग काय, सगळेच आपापले लंगडे घेऊन कोपरीला हजर! दौलत्याचा सुलतान पण माझ्याच बापाच्या पाण्यात बरा झालेला. हे तो कुणाला सांगत नाय, म्हणून मी सांगते.

लढाईच्या दिवसांत कल्याणला लष्कराचा तळ पडलेला. तिथल्या गोऱ्या साहेबांनी आमचे घोडे बघितले आणि त्यांना हुरूप आला. त्यांनीच कुरणावर घोडे पळवायचा गोल मारून दिला, खांब रोवून दिले. मार्गशीर्षात गवत कापून कुरण मोकळं झालं की रेस व्हायची. बैलांची ती शर्यत, घोड्यांची ती रेस. जिंकेल त्याला फेटा आणि गावजेवणात पहिलं पान. बस, एवढंच. साहेब गेले, स्वराज्य आलं, तरी रेस चालू राहिली. आणि दर साली फेटा दौलत्याला. मेमसाब त्याच्या मागं, दरवेळी मागं. माझा नवरा हसून घ्यायचा. मला नाय जमायचं. मी घरी येऊन भांडी आपटायची.

पंढरी हसायचा खरा, पण मनात तोही खात होता. त्यानं एका हंगामाचं सगळं गवत मुंबईच्या एका तबेल्यात घातलं आणि बदल्यात मेमसाबला तिथल्या नामी घोड्याकडून भरवून आणली. तिला शिंगी झाली, म्हणजे मादी शिंगरू. काळीभोर, कपाळावर ठिपका पण नाय. नाव ठेवलं काजळी. ती दूध सोडत होती त्याच साली गवत कापताना पंढरीच्या पायाला फुरसं चावलं. त्यानं तिला एकदा पण पळताना बघितलं नाय.

म्हणून सांगते, ती घोडी मी सांभाळली ती हौसेनं नाय, हट्टानं सांभाळली. धाकू नावाचा माणूस ठेवला. मुंबईच्या तबेल्यात मोतद्दार होता, घोड्यांची निगा करायचा, पाय फाकलेले, अंगानं चिपाड आणि तोंडानं फाटका. पण घोड्यावर बसला की वेगळाच माणूस. "आवडाबाई, हिला आताच पळवू नका," तो बोलला, "हाडं पिकू द्या." मी थांबले. पहिल्या साली लोक बोलले, विधवा बाईनं घोडं बाळगलंय, काय म्हणावं. मी बोलले, घोडंच बाळगलंय, तुमच्यासारखं गाढव नाय बाळगलं. दुसऱ्या साली जावांनी माझ्याशी बोलणं सोडलं. बरंच झालं, काम तरी वेळेत व्हायचं.

काजळी पळायला लागली तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. धाकू तिला नदीच्या अंगानं सोडायचा आणि मी बांधावर उभी. तिच्या टापा ऐकू यायच्या आधी ती समोरून गेलेली असायची. एकदा धाकू उतरला, तिच्या मानेवरून हात फिरवला. मग थुंकून बोलला, "सुलतान गेला, बाई. सुलतान मेला म्हणून समजा."

त्या मार्गशीर्षात काजळी पळणार हे सगळ्यांना माहीत झालेलं. दौलत्याला तर चांगलंच. तो दोनदा नदीपलीकडून लपून बघून गेला, त्याला वाटलं मला कळलं नाय. त्याची पांढरी टोपी कोसावरून दिसते.

आणि नेमका तेव्हाच नवा फौजदार आला. आमच्या थोरल्या दिरांच्या, सहदेव भाऊजींच्या ओट्यावर बसला, चहा घेतला आणि सरळ बोलला, परवान्याशिवाय घोड्यांची रेस लावता येत नाय. तसा कायदाच आहे. परवाना मोठ्या मैदानाला मिळतो, असल्या कुरणाला नाय. माणूस वाईट नव्हता. उलट आमच्या मेमसाबला बघून यायला गोठ्यापर्यंत आला. पण बोलला ते बोलला. खांब काढून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सगळे घोडेवाले भाऊजींच्या ओट्यावर जमले. पाच घोडे उरलेले आता. बाकीच्यांनी कुणी टांग्याला दिले, कुणी विकले. पोरं रेयॉनच्या कंपनीत कामाला लागलेली, घोड्यामागं धावायला वेळ कुणाला? जमलेले बाकीचे मान खाली घालून बसले. कुणी बोललं, आता सोडा. कुणी बोललं, जमाना बदलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जमाना बदलला म्हणून तुम्ही जेवायचे थांबलात काय रे?" मी बोलले. "मिशा कशाला ठेवल्यात? भादरून टाका. यंदा रेस झाली नाय तर माझी घोडी मी एकटीच पळवीन, आणि फेटा माझा मीच बांधून घेईन."

दौलत्या भिंतीला टेकून विडी ओढत होता. "बांध की," तो बोलला. "एकटी पळालीस तर पहिली येशील कदाचित."

मी उठले होते. भाऊजींनी हात वर केला. सहदेव भाऊजी म्हणजे गावातला शहाणा माणूस, म्हणजे लोक तसं समजतात. त्यांनी पान लावलं, तोंडात टाकलं, आणि मग त्यांची ती अक्कल बाहेर आली. "रेस बंद आहे," ते बोलले. "जत्रा बंद नाय ना? कुरणाच्या टोकाला आपला खंडोबा आहे. चंपाषष्ठीला देवाची घोडी देवळाभोवती धावते, मागनं बाकीची धावतात, वाडवडिलांपासूनची रीत आहे, असं सांगायचं. देवाच्या रीतीला फौजदार हात लावील? त्याच्या बापाची टाप आहे?"

सगळ्यांचे चेहरे फुलले. एक शब्द खरा नव्हता त्यात. त्या खंडोबाला चंपाषष्ठीला दिवा लावायला पण मी जायची, दुसरं कोणी फिरकत नव्हतं. पण आमच्या लोकांना देवाचं नाव काढलं की बुडाखालचं जनावर पण पवित्र वाटतं.

"मग देवाची घोडी कुठली?" दौलत्यानं विचारलं.

"देऊळ पंढरीच्या कुरणात," भाऊजी बोलले. "म्हणजे मान त्याच्या घरचा. काजळी."

"माझी घोडी देवाची कशाला?" मी बोलले. "ती माझी आहे. तिला रेस पळायचीय, प्रदक्षिणा नाय घालायचीय."

"अगो, बोलण्यापुरतं," भाऊजी समजावायला लागले. "कपाळाला चिमूटभर भंडारा लावायचा. फौजदाराला दाखवायला. खांब सोडला की ज्याची त्याची हिंमत."

मी दौलत्याकडं बघितलं. मला वाटलं हा आता काहीतरी फाटे फोडणार. पण त्यानं विडी विझवली, कानाला लावली. मी हो बोलले, कारण हो बोलल्याशिवाय रेसच नव्हती.

चंपाषष्ठीला कुरणावर एवढी माणसं मी जन्मात बघितली नव्हती. रेसला यायची ती बाप्ये माणसं, झाडाखाली बसून तंबाखू खाणारी. यंदा बायका आल्या, पोरं आली, आंबिवलीची, वडवलीची, पार कल्याणच्या बाजारपेठेतली. नारळवाले, खेळणीवाले. देवळाला पताका. आणि महिपत भगत. हा महिपत एरवी विहिरी खणतो आणि वर्षातून एकदा अंगात आणतो. त्यानं काजळीच्या कपाळाला चिमूटभर लावला नाय काय! ओंजळ ओंजळ भरून भंडारा टाकला. मान, पाठ, पाय, सगळी घोडी पिवळीधमक करून टाकली. गळ्यात घुंगरू. ती शिंकतेय, मान झटकतेय, आणि बायका तिच्या पायावर पाणी घालून डोकं टेकतायत. एका म्हातारीनं तर तिची ओटी भरली. खण आणि नारळ, घोडीला!

"हे काय चाललंय?" धाकू माझ्या कानाशी बोलला. "ही बिथरेल."

"घुंगरू काढ," मी बोलले. तो काढायला गेला तर महिपत अंगावर धावून आला. देवाचं घुंगरू. काढलंस तर रक्त ओकशील. धाकू घाबरणारा नाय, पण शंभर माणसं त्याच्याकडं बघत होती. तिकडं फौजदार आलेला. त्यानं पायातले बूट काढले, टोपी काढली आणि काजळीला हात जोडले. झालं! परवाना मिळाला, यापरता मोठा परवाना कुठला?

घोडे खांबाला लागले. काजळीवर धाकू, सुलतानवर दौलत्याचा भाऊ उत्तम. दौलत्या स्वतः रेस संपते तिथल्या दोरीशी उभा, छाती काढून. मी त्याच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले. मला त्याचं तोंड बघायचं होतं, तेवढ्यासाठी मी इतकी वर्षं जगलेले.

भाऊजींनी रुमाल टाकला.

काय सुटली माझी काजळी! घुंगरू काय नि भंडारा काय, तिला कशाची शुद्ध नव्हती. पहिल्या वळणालाच पुढं. पण सुलतान म्हणजे सुलतान, खोटं कशाला बोलू. म्हातारा व्हायला लागलेला, तरी नदीकडच्या सरळ पट्टीला त्यानं असा जोर काढला की माझं काळीज तोंडात आलं. हात हात करत तो जवळ आला. तिच्या शेपटीशी, मग तिच्या मांडीशी. पाठीमागचे तीन घोडे कुठल्या कुठं. दोघांच्या माना एका ओळीत यायला आल्या आणि मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला ठाऊक नाय. धाकूनं अजून तिचा जोर काढायला हात पण लावला नव्हता. त्यानं तो शेवटच्या पट्टीसाठी ठेवलेला, हे मला माहीत होतं. आता कळणार होतं. आता!

आणि उत्तमनं लगाम ओढला.

मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोन्ही हात छातीशी, सुलतानचं तोंड वासलेलं, मान वाकडी. तो घोडा पळायचं म्हणून झगडत होता आणि उत्तम त्याला मागं खेचत होता. मागच्यांनी ते बघितलं आणि त्यांनीही ओढले. काजळी एकटी आली. चार घोडे मागं दुडक्या चालीनं, वरातीसारखे. माणसांनी भंडारा उधळला. येळकोट येळकोट जय मल्हार! सगळं कुरण पिवळं. कुणी मला मिठी मारली, कुणी माझ्या पाया पडलं. "जिंकलीस गो आवडा!"

मी जिंकले? मी?

मी तशीच दौलत्याकडं गेले. "का ओढलास?" मी बोलले. "भावाला का ओढायला लावलास? बोल!"

त्यानं डोक्यावरचा फेटा काढला, पंढरीच्या हयातीत जिंकलेला, आणि काजळीच्या खुरांशी ठेवला. गुडघे टेकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "देवाच्या घोडीच्या पुढं कोण जाणार? माझी पोरंबाळं आहेत."

लोकांनी हे केवढं डोक्यावर घेतलं म्हणून सांगू! दौलत खरा भक्त. दौलतचं मन मोठं. माझं डोकं फिरलं. मी पदर सोडला आणि काजळीचं कपाळ पुसायला लागले. मान पुसली, पाठ पुसली. "ही बघ," मी ओरडले, "गेला देव. आता ही माझी घोडी आहे, पंढरीची घोडी आहे. चढव उत्तमला. पळव परत. हिंमत असेल तर पळव, दौलत्या!"

बायका किंचाळल्या. महिपत घुमायला लागला. भाऊजींनी माझा दंड धरला, असा की वळ उठले. "आवडे, फौजदार बघतोय," ते दातओठ खात बोलले. "रेस कायमची घालवशील. गप."

फौजदार खरंच बघत होता. मी हात खाली घेतला. दौलत्या उठला, गुडघ्याची माती झटकली आणि माझ्या अगदी जवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल असा बोलला, "मी देवाला हरलो, वहिनी. तुला नाय."

त्याच्या डोळ्यांत मी निरखून बघितलं. खरंच भ्यालेला, का साधून घेतलं त्यानं? मला कळलं नाय. दोन्ही असेल. आमच्यात माणूस देवाला घाबरता घाबरता पण आपलं बघतो.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पुढच्या साली जत्रा दुप्पट झाली. घोडेवाले पुन्हा ओट्यावर जमले आणि मला वाटलं आता काहीतरी शहाणपणाचं बोलतील. तर वाद कशावर? काजळी पहिली, हे तर ठरलेलंच. मग दुसरा मान कुणाचा? आंबिवलीकर बोलले आमचा, देवळाची पायरी आमच्या आज्यानं बांधली. वडवलीकर बोलले आमचा. हमरीतुमरीवर आले, एकानं दुसऱ्याच्या घोड्याच्या तोंडावर काठी मारली. दुसरं यायचं म्हणून! जो धावून येईल तो दुसरा, असं एकाच्या पण तोंडून निघालं नाय. शेवटी चिठ्ठ्या टाकून ओळ लावली. कोण कुणाच्या मागं, रेस व्हायच्या आधीच सगळं ठरलेलं. महिपतनं वर सांगितलं, देवाला दौडवायचं नाय, देवाला घाम येता कामा नये. चालीनं न्यायचं.

धाकूनं ते ऐकलं आणि आपलं बोचकं बांधलं. "मी घोड्यावर बसणारा माणूस आहे, पालखीचा भोई नाय," तो बोलला आणि मुंबईला निघून गेला. जाताना काजळीच्या गळ्यात पडून रडला. मला राम राम पण केला नाय, रागावलेला माझ्यावर. रागवायलाच हवं होतं त्यानं.

काजळी त्या साली चालत फिरली. वाजंत्री पुढं. तिची पाठ थरथरत होती, पाय उचलून उचलून टाकत होती. तिला पळायचं होतं, दुसरं काय माहीत होतं तिला? आणि भाऊजी माझ्याशेजारी उभे राहून खुशीत बोलतात, "बघ आवडा. बाकी सगळीकडं बंद पडल्या. आपली रेस जगली की नाय?"

मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला त्यांची, त्या पताकांची, त्या पिवळ्या धुरळ्याची, सगळ्याची किळस आली.

वैशाखात मी माणसं लावली. कुरण माझ्या नावावर, मला कुणाच्या बापाला विचारायचं नव्हतं. गोऱ्यांनी रोवलेले खांब उपटून चुलीसमोर टाकले. गोलाच्या आरपार बांध घातले, एकामागं एक. भाताची खाचरं पाडली. भाऊजी धावत आले, पंचांना घेऊन आले. मी बोलले, देऊळ जिथं आहे तिथंच आहे, देवाला पायवाट ठेवलीय, घोडीला हातानं धरून देवळापर्यंत चालवत न्या की. चालवायचंच आहे ना? मग गोल कशाला हवा? त्यांना शिव्या सुचल्या, त्या दिल्या. मीही दिल्या, आणि माझ्या जास्त होत्या.

दौलत्या सगळ्यात शेवटी आला. भर उन्हाचा, पायी, सुलतानला हातानं धरून. म्हातारपणानं घोड्याच्या डोळ्यांवर खड्डे पडलेले. मी बांधावर उभी राहून माणसांकडून माती टाकून घेत होते.

"मारून टाकलीस तू रेस," तो ओरडला. "सरकारला जमलं नाय ते तू केलंस. पंढरी वर बसून थुंकत असेल तुझ्यावर."

"पंढरीचं नाव काढलंस तर याच खाचरात गाडीन," मी बोलले. "रेस मेली त्या दिवशी तू गुडघे टेकून बसलेलास. मी नुसती माती लोटली."

माणसं फावडी थांबवून बघायला लागली. मी त्यांना हाकललं. दौलत्या तिथंच. घोडा त्याच्या खांद्यावर तोंड घासत होता. मग तो बोलला, आवाज वेगळाच, "उत्तमनं ओढला तेव्हा सुलतान पुढं निघत होता."

"निघत नव्हता. धाकूनं तिला हात पण लावला नव्हता."

"निघत होता, आवडाबाई. मी दोरीशी होतो."

"मी पण दोरीशीच होते."

त्यानं ओठ चावला. म्हातारा दिसला मला तो पहिल्यांदाच. "गावातली पोरं मला विचारतात," तो बोलला. "कोण आलं असतं, दौलतकाका? घरात बायको विचारते. मला पण..." त्यानं नदीकडं हात केला. "पलीकडं वाळूची पट्टी आहे. लांब आहे. आता तिकडं कोणी नाय. मी बसतो याच्यावर. तुझ्याकडं कोण बसेल त्याला बसव. देव नाय, भंडारा नाय, फौजदार नाय. एकदा पळवू. फक्त कळायला."

ऐकलंत? तो दौलत्या, तेराव्याला बुंदी मागून खाणारा, माझ्यासमोर हात पसरून उभा. माझ्या जिभेवर 'चल' आलेलं. खरं सांगते, अगदी दातांपर्यंत आलेलं. गोठ्यात काजळी उभी होती, महिनोन् महिने पळाली नव्हती, दावं तोडायला बघत होती. मेमसाबचं रक्त, पंढरीचं एका हंगामाचं गवत, सगळं त्या एका 'चल' मधे होतं.

पण मला त्याचं ते बोलणं आठवलं. माझ्या कानाशी येऊन बोललेलं. ज्या दिवशी माझी घोडी खरोखर पळत होती त्या दिवशी ह्यानं मला कळू दिलं नाय, आणि आज ह्याला हवं म्हणून कळून घ्यायचं?

"नाय पळवणार," मी बोलले.

"का?"

"तुला कळायला नको म्हणून. आता मरेपर्यंत विचार करत बस, दौलत."

त्याच्या तोंडावरून रंग गेला. मला वाटलं हा आता हात उगारतो. पण तो वळला आणि घोड्याला धरून नदीकडं चालायला लागला. त्याची पाठ मोडल्यासारखी दिसत होती. मी बघत राहिले. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, लपवायचं कशाला?

सुलतान त्याच पावसाळ्यात गेला. कुरणात आता भात पिकतो, चांगला पिकतो. दौलत्या बाजारात दिसला की मान फिरवतो, आणि त्याच्या कपाळावरची आठी बघून मला कळतं की तो अजून तेच घोळवतोय. घोळव म्हणावं. मी पण तेच घोळवते. भाकरी थापता थापता हात थांबतो, नदीकडची पट्टी दिसते, दोन माना एका ओळीत येतात, आणि उत्तम लगाम ओढत नाय. काजळीच पुढं आली असती. मला वाटतं काजळीच. पण मला माहीत नाय.